काजळीचं वर्ष

त्या हिवाळ्यात थेस्सालोनिकीत तेल इतकं महागलं
की लोकांनी बॉयलर बंद केले
आणि हाताला लागेल ते जाळलं.
फळकुटं, खोकी, जुन्या दारांचे तुकडे.
एका घरी तर माझ्या डोळ्यांदेखत
पियानोचं स्टूल.

आदल्या वर्षी माझी अकरा घरं होती.
ऑक्टोबरात चार उरली.
जा, असं कुणीच म्हणालं नाही.
म्हणाले, नातेला, या आठवड्यात नको.
पुढच्याही नको. बघू.
ग्रीक शिकताना मला सगळ्यात उशिरा कळलेला शब्द हा:
बघू.

झुगदिदीच्या चहाच्या कारखान्यात मी हिशेबनीस होते.
तो बंद पडला तेव्हा शेवटची वही मीच मिटली,
त्यामुळे वजाबाकीचं मला फारसं भय नाही.
रात्री पाय गरम पाण्यात सोडून आकडे मांडले.
चार तास परवडत नाहीत? एक घ्या.
फक्त स्वयंपाकघर. फक्त न्हाणीघर.
फक्त ती खोली, जिथं पाहुण्यांना बसवता
आणि सगळं ठीक चाललंय म्हणून सांगता.
जिना हवाय? मजल्यामागं दोन युरो,
सातांनी मिळून द्या.
चिठ्ठ्या हातानं लिहिल्या,
तुम्बाच्या चढावर दारोदार सरकवल्या.
तिघांचे फोन आले.
त्यातला एक चुकून लागलेला.

मग जानेवारी आला आणि भिंती काळ्या पडल्या.
छत, पडदे, कपाटावरच्या बाहुल्या,
कोपऱ्यातल्या संतांच्या तसबिरी,
ज्यांचे चेहरे आधीच सावळे होते.
काजळीला आधी पाणी लावायचं नसतं.
कोरडा स्पंज, वरून खाली, एकाच दिशेनं.
पाणी लागलं की ती भिंतीत मुरते,
मग रंगाऱ्याशिवाय गत्यंतर नाही
आणि रंगारी कुणाला परवडतोय!
हे मला येत होतं. आमच्याकडे वीज नसलेले हिवाळे
मी असेच काढले होते.
फोन वाजायचा थांबेना.
एतेरी आली, मग ड्रिटा, मग ड्रिटाची नणंद,
मग एक व्हॅन, जिचं मागचं दार
दोरीनं बांधावं लागे.
लोक गारठत होते आणि माझी वही भरत होती.
ही बेरीज मी मोठ्यानं कधी वाचली नाही.

फेब्रुवारीत एव्हान्थियाबाईंनी माझ्या तळघराची बेल वाजवली.
नऊ वर्षं मी त्यांचं घर पुसलं होतं.
जाताना रोज फ्रिजच्या माथ्यावरून बोट फिरवायच्या,
बोटाकडे बघायच्या, मग पैसे द्यायच्या.
मी म्हटलं, काजळी ना? येते उद्या.
त्या म्हणाल्या, नाही.
कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावलेली.
संगीताच्या शाळेनं सहा महिने पगार दिला नव्हता.
मला काय काय येतं ते सांगते, म्हणाल्या,
आणि काहीच सांगितलं नाही.

मी बोटमोजे दिले. मापाचे नव्हते.

पहिल्याच दिवशी कलामारियातल्या एका भिंतीला
त्यांनी ओलं फडकं लावलं.
करडा ओघळ थेट जमिनीपर्यंत.
माझ्या तोंडावर आलेलं वाक्य त्यांचंच होतं,
नऊ वर्षं ऐकून पाठ झालेलं.
गिळलं. तीन तास गेले त्या ओघळात,
घरमालकीणीला मी पैसे सोडले.
एतेरी व्हॅनमध्ये जॉर्जियनमध्ये बडबडत राहिली,
धर्मशाळा उघडलीस का, वगैरे.

शनिवारी मी त्यांना पाकीट दिलं.
त्यांनी दोनदा मोजलं,
पाठ वळवून, मी मोजायचे तसंच.
मग निघता निघता
त्या परक्या स्वयंपाकघरात थांबल्या,
टाचा उंचावल्या,
फ्रिजच्या माथ्यावरून बोट फिरवलं
आणि माझ्यासमोर धरलं.

धूळ होती.
ते काम माझं होतं.

ड्रिटा आधी हसली. मग त्या. मी जरा उशिरा.
सोमवारपासून शेवटची तपासणी त्यांच्याकडे दिली,
तासाला अर्धा युरो जास्त.